चौथी गोळी आणि इतर शंका

जानेवारी उजाडला की गांधीहत्येसारख्या घटनांबद्दलचे तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देतो. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, इतिहासकार नाही. कागदपत्रांचे बारकावे इतिहासाच्या जाणकारांना विचारावेत.

प्रश्न : गांधीजींना तीन नव्हे, चार गोळ्या लागल्या म्हणतात. चौथी कुणाची? एवढा मोठा माणूस एकट्यादुकट्याने मारला, हे मनाला पटत नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : एकट्यादुकट्याने मारलंच नव्हतं. कट होता, लाल किल्ल्यात खटला चालला, 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. पिस्तूल तर आपल्या ग्वाल्हेरातच मिळवलेलं. इथल्या डॉ. परचुऱ्यांना त्यात जन्मठेप झाली आणि अपिलात उच्च न्यायालयाने सोडलं. सिद्ध झालेला कट समोर असतानाही लोकांना तो पुरत नाही, माझी काळजी ही आहे.

मोठ्या घटनेमागे मोठंच कारण असणार, असं मन धरून चालतं. मॅककॉली आणि जॅक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हेच तपासलं. राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडली आणि तो मेला, असं सांगितलं की लोकांना कटाची शक्यता जास्त वाटली. तो बचावला म्हटलं की कमी. पण त्यांनी लोकांना वेड्यात काढलं नाही. एकट्यापेक्षा टोळीचा बेत तडीस जाण्याची शक्यता जास्त, हा हिशेब तसा वावगा नाहीच.

त्यात सरकारी ढिलाईची भर. 20 जानेवारी 1948 ला याच कटातला मदनलाल पाहवा गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट करून पकडला गेला, तरी पुढच्या दहा दिवसांत गोडसे मोकळाच राहिला. या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल यायला 1969 उजाडलं. शंका येणारच, आणि ती विचारायलाही हवी. पण चौथ्या गोळीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळली, असं सांगितलं की उत्तर येतं, ‘कोर्ट त्यांचंच!’ मान्य केली असती तर हेच कोर्ट निष्पक्ष ठरलं असतं. कोणता कागद दाखवला तर तुमची शंका फिटेल, ते आधी ठरवा, मग वाद घाला. आणि ‘काकांच्या ओळखीच्या एकाने बाड्याच्या चौकात ऐकलं होतं’ हा पुरावा मला कृपया पाठवू नका.

प्रश्न : केनेडींच्या हत्येत कट होता, हे अमेरिकी संसदेच्या समितीनेच मान्य केलंय ना?

उत्तर : ‘बहुधा’ होता, असं ती 1979 मध्ये म्हणाली, मुख्यतः पोलिसांच्या रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणावरून. पण 1982 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने तो आधारच नाकारला. हा उत्तरार्ध कुणी फॉरवर्ड करत नाही.

प्रश्न : एका चॅनलवर ‘दडवलेल्या फाइली’ 499 रुपयांत देतात. घ्याव्यात का?

उत्तर : नाही.

प्रश्न : आणि शास्त्रीजी?

उत्तर : 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये गेले, शवविच्छेदन झालं नाही. ते व्हायला हवं होतं. त्याशिवाय मृत्यूचं कारण छातीठोकपणे सांगणारा डॉक्टर मी नव्हे, मग विषाचं नाव छातीठोकपणे सांगणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : माझे दीर म्हणतात, ‘मला खरा खुनी माहीत आहे, म्हणून माझ्यावर पाळत आहे.’ खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत, दुसऱ्याने आधी खाल्ल्याशिवाय जेवत नाहीत. दोन वर्षं झाली. सासूबाई म्हणतात, राजकारणाचं वेड आहे, उतरेल. (मुरार, ग्वाल्हेर)

उत्तर : वहिनी, दोन वर्षं! हे राजकारण नाही. वाचून बनलेलं मत माणसाला जेवू देतं, झोपू देतं. इथे दिरांना स्वतःच्या जिवाची भीती वाटते आहे, आणि ती आजाराची असू शकते. न तपासता मी त्याला नाव देणार नाही. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा इथेच आहे. तिकडे जायला लाज वाटत असेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. झाडफुंक करणाऱ्याकडे आणखी महिना घालवू नका. दिरांशी वाद घालू नका, होला होही करू नका. ‘झोप नाही, ती दाखवून येऊ’ म्हटलं तर बहुधा तयार होतील. ते कुणावर धावून जात असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असतील, तर आठवडाही थांबू नका. आणि कुणी कितीही सांगितलं तरी वरणात गोळी कालवून देऊ नका. ते त्यांनी पाहिलं, तर पुन्हा कुणाच्याच हातचं खाणार नाहीत.