'ती व्हॅल्यू काढ' म्हणजे नेमकं काय करू?

प्रश्न : मी महाप्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काम वेबपानांचं, म्हणजे सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) आणि जावास्क्रिप्टचं (पान चालवणारी भाषा). आमची माहितीपुस्तिका मराठीत करायची आहे. एका प्रकरणाचं शीर्षक भाषांतर होऊन आलं ते असं : 'सानुकूल मालमत्ता मूल्ये स्थापित करणे आणि पुनर्प्राप्त करणे'. आम्ही आपसात 'कस्टम प्रॉपर्टीची व्हॅल्यू सेट करायची आणि काढायची' असं बोलतो. पण परवा 'त्या बटणाच्या रंगाची व्हॅल्यू काढ' असं सांगितल्यावर नव्या मुलाने ती डिलीटच केली. मराठीत याला बरोबर काय म्हणायचं? आणि व्हॅल्यू 'ती' की 'ते'?

उत्तर : आधी त्या नव्या मुलाची बाजू घेतो. त्याने मराठी बरोबरच ऐकलं. 'चप्पल काढ' म्हटलं की चप्पल पायातून जाते, 'खिळा काढ' म्हटलं की खिळा भिंतीतून जातो. मग 'व्हॅल्यू काढ' म्हटल्यावर व्हॅल्यू का जाऊ नये? सांगणाऱ्याच्या मनात मात्र दुसरंच 'काढणं' होतं. आपलं हे क्रियापद मोठं बिलंदर आहे. बँकेतून पैसे काढले की खात्यातले कमी होतात पण हातात येतात. रांगोळी काढली तर आधी नसलेली गोष्ट तयार होते, दुकान काढलं तरी तेच. आणि कोणाची आठवण काढली तर काहीच कमी होत नाही. आठवण जिथे होती तिथेच राहते, आपण फक्त ती समोर आणतो. तुम्हाला हवं होतं ते आठवणीतलं काढणं, मुलाने केलं ते चपलेचं.

त्यातून शाळेतल्या गणिताची सवय आणखी वेगळी. 'क्ष ची किंमत काढा' म्हणजे आकडेमोड करून शोधा. प्रोग्रामर हे वाक्य लहानपणापासून घोकून आलेला असतो, त्यामुळे व्हॅल्यूशेजारी 'काढणे' आपोआप येऊन बसतं. शिव्या द्यायची वेळ आल्याचं तुमच्या पत्रावरून दिसतं, पण दोष कोणाचाच नाही.

हा घोळ बोलताना सहसा होत नाही, कारण बोलताना आपण 'काढ' एकटं सोडत नाही. 'काढून टाक' म्हटलं की गेली. 'काढून घे' म्हणजे तुझ्याकडे घे, 'काढून दे' म्हणजे माझ्यासाठी आण, 'काढून ठेव' म्हणजे पुढे लागेल म्हणून बाजूला ठेव. टाक, घे, दे, ठेव ही चार छोटी क्रियापदं सगळा निवाडा करतात. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात आणि मराठीचा हा भाग मला तिच्या संधी-समासांपेक्षा जास्त श्रीमंत वाटतो. इंग्रजीत गेट, सेट, रिमूव्ह अशी तीन सुटी क्रियापदं असतात, भाषांतर करणारा प्रत्येकासमोर एकेकच मराठी क्रियापद मांडतो आणि नेमका तो शेपटीचा तुकडा गळतो. मग 'काढणे' उघडं पडतं. तुमच्या मुलाला 'व्हॅल्यू काढून दे' म्हटलं असतं तर बटणाचा रंग वाचला असता.

गंमत अशी की सीएसएस हाताळायच्या जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही अर्थांचं काढणं एकत्र करणारी आज्ञाही आहे. पानावरच्या घटकावर, म्हणजे बटण वगैरेवर, ठेवलेला गुणधर्म (प्रॉपर्टी) पुसायला 'रिमूव्ह प्रॉपर्टी' वापरतात. ती गुणधर्म पुसतेच, पण जाता जाता त्याची आधीची किंमत आपल्या हातात देते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत नावासमोर किंमत ठेवणाऱ्या 'मॅप'मधलं 'रिमूव्ह' आणि पायथन भाषेतलं 'पॉप' हेही असंच वागतं. इथे मात्र नुसतं 'काढणे' चपखल बसतं. बँकेतून पैसे काढावेत तसं, तिथून गेलं आणि इथे आलं. नुसतं बघायचं असेल तर 'गेट प्रॉपर्टी व्हॅल्यू' आहे. तिच्यासाठी मी 'वाचणे' लिहीन. वाचल्याने मजकूर झिजत नाही, हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

'पुनर्प्राप्त' मात्र कृपा करून टाळा. चोरीला गेलेला माल किंवा पुसली गेलेली फाइल पुनर्प्राप्त होते. ज्या शब्दात 'पुनः' आहे त्यात आधी काहीतरी हरवलेलं असतं. इथे किंमत हरवलेलीच नाही, ती जागच्या जागी सुखात आहे. वाचकाला उगाच वाटेल की डेटा उडाला होता.

'स्थापित करणे' हे तर सरळ हिंदीतून उचललेलं. मराठीत गणपती स्थापन होतो, मंडळ स्थापन होतं; बटणाचा रंग स्थापित होत नाही. सेटसाठी 'ठेवणे' वाईट नाही, पण 'आहे तसंच ठेव' मध्ये ते 'बदलू नकोस' असंही म्हणतं, म्हणजे नेमकं उलटं. 'ठरवणे'त विचार आहे, कृती नाही. मला 'देणे' आवडतं. बीजगणितात आपण क्षला किंमत देतोच : 'क्ष ला २ ही किंमत देऊन समीकरण सोडवा'. तेव्हा 'रंगाला निळा ही किंमत द्या' हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही. घरात किंवा ऑफिसात 'मला कोणी किंमत देत नाही' असं म्हणतो ती निराळी.

व्हॅल्यूसाठी मूल्य की किंमत? संस्कृत म्हणून 'मूल्य' जास्त प्रतिष्ठित वाटतं आणि 'किंमत' अरबीतून आलेली, बाजारातली वाटते. पण पाठ्यपुस्तकांनी 'स्थानिक किंमत', 'दर्शनी किंमत' म्हणत पिढ्या शिकवल्या आहेत आणि 'मूल्य' आता मूल्यशिक्षणाकडे झुकलेलं आहे. म्हणून मी किंमतच लिहीन. खरं तर पुष्कळ ठिकाणी दोन्ही नको असतात. 'रंग या गुणधर्माचे मूल्य निळा असे निर्धारित करा' याऐवजी 'रंग निळा करा' एवढ्यात काम होतं.

आता 'मालमत्ता'. ठाण्यात किंवा नवी मुंबईत हा शब्द पालिकेच्या कराच्या बिलावर येतो आणि घोडबंदर रोडवरच्या फलकांवरची 'प्रॉपर्टी' म्हणजे दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'स्वतःचा' हा अर्थ आहे. त्याची एक फांदी मालकीकडे गेली आणि दुसरी स्वभावाकडे. आपल्याला दुसरी हवी, म्हणून 'गुणधर्म'. त्यावरही एक आक्षेप निघतो आणि तो मला पटतो : विज्ञानाच्या पुस्तकातले गुणधर्म वस्तूच्या अंगचे असतात, गंधकाचा पिवळेपणा आपण 'सेट' करत नाही. पण शब्द रुळला आहे, नवा घडवण्यात हशील नाही.

तरीही मालमत्तेची चूक मला पूर्ण टाकवत नाही, कारण सीएसएसमधले हे स्वतः ठरवलेले गुणधर्म वारशाने उतरतात. समास (मार्जिन) किंवा चौकट पालक घटकाला, म्हणजे ज्याच्या पोटात दुसरा घटक आहे त्याला, दिली तर ती मुलाला मिळत नाही. पण दोन आडव्या रेघांनी सुरू होणारा कस्टम गुणधर्म सर्वांत वरच्या घटकाला दिला की खालच्या सगळ्यांना मिळतो. म्हणजे वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद इथेही आहे, आणि तुमच्या नव्या मुलाला पुढचा धक्का तिथेच बसणार आहे. बटणाच्या स्वतःच्या 'स्टाइल'मध्ये जाऊन किंमत वाचली तर फक्त स्वकष्टार्जित दिसते. बटणाला स्वतः काही दिलेलं नसेल तर उत्तर रिकामं येतं. 'गेट कम्प्यूटेड स्टाइल'मधून वाचली तर वाडवडिलांची धरून जी आत्ता चालते ती मिळते. बटणावरची काढून टाकल्यावरही तिथून वाचायला गेलात तर वरच्याची किंमत हजर. या दोन वाचण्यांना मराठीत दोन विशेषणं हवीत : 'दिलेली किंमत' आणि 'लागू किंमत'. 'लागू' हा शब्द सरकारी परिपत्रकांनी आपल्या इतका अंगवळणी पाडला आहे की त्याची फोड करावी लागत नाही. 'कम्प्यूटेड'साठी भाषांतरात येणारा 'संगणित' कोणाच्या लक्षात राहणार?

'कस्टम'चं काय करायचं? उरण-पनवेलकडे हा शब्द म्हटला की १९८९ पासून न्हावा शेवा बंदर आणि तिथले कस्टमवाले डोळ्यांसमोर येतात. यंत्राकडून 'सीमाशुल्क मालमत्ता' असंही भाषांतर होऊ शकतं, तेव्हा 'सानुकूल'वर निभावलं असं समजा. पण सानुकूल म्हणजे अनुकूल, आणि इथे अनुकूल-प्रतिकूल असं काही नाहीच. भाषेने आधी ठरवलेले गुणधर्म एकीकडे, पानाच्या लेखकाने पदरचे घातलेले दुसरीकडे, एवढाच अर्थ. 'पदरचे गुणधर्म' म्हणायचा मोह मला होतो, पण 'पदरचं सांगू नकोस' मध्ये थापेचा वास आहे. साधं 'स्वतःचे' किंवा 'आपण ठरवलेले' पुरे. बोलण्यात 'कस्टम' चालू द्या. फायरफॉक्समध्ये २०१४ साली आणि क्रोममध्ये २०१६ साली ही सोय आली, तेव्हापासून तो तोंडात बसलाच आहे.

यात मराठी माणसाला अडवणारी एक गोष्ट आहे. या गुणधर्मांची नावं देवनागरीत ठेवता येतात. दोन रेघा देऊन 'रंग' लिहिलंत तरी ब्राउझर कुरकुर करत नाही. लहान-मोठ्या लिपीचा प्रश्नही मिटतो, कारण इंग्रजी नावात त्याने फरक पडतो आणि देवनागरीत तशी अक्षरंच नाहीत. पण 'पायऱ्या' किंवा 'किनाऱ्याचा' असं नाव ठेवाल तर सांभाळा. आपला अर्धा ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरांच्या सार्वत्रिक यादीत) दोन प्रकारे लिहिता येतो : एका कळफलकावर ऱ आणि हलन्ताने, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखे, ब्राउझरला मात्र ही दोन वेगळी नावं. एकाने किंमत दिली, दुसऱ्याने वाचली की उत्तर रिकामं, आणि चुकीची सूचना कुठेच नाही. नाव ठेवायचंच तर ऱ्य नसलेलं ठेवा.

शीर्षक मी असं करीन : 'आपण ठरवलेल्या गुणधर्माला किंमत देणे आणि ती वाचणे'. लांब वाटतं, पण तुमच्या मूळच्या शीर्षकाइतकेच आठ शब्द आणि नव्या मुलाला एका वाचनात कळेल असं.

राहिला लिंगाचा प्रश्न. 'व्हॅल्यू' स्त्रीलिंगी, कारण मनातल्या मनात आपण 'ती किंमत' म्हणत असतो. उसन्या शब्दाला मराठीत बहुधा जवळच्या देशी अर्थाचं लिंग चिकटतं. 'प्रॉपर्टी'ही स्त्रीलिंगी, 'गुणधर्म' पुल्लिंगी. म्हणून 'प्रॉपर्टीची व्हॅल्यू बदलली' आणि 'गुणधर्म बदलला'. अनेकवचनात 'व्हॅल्यूज' म्हणतात ते मला आवडत नाही. 'दोन व्हॅल्यू दिल्या' यात क्रियापदच अनेकवचन सांगतं, वर इंग्रजी शेपूट लावायची गरज नाही.