गप्प मुलाकडे आधी बघ

अंगणवाडीत नवीन रुजू झालीस, म्हणून सांगते. मुलाचा स्वभाव आणि त्याची तब्येत वेगळी धरू नकोस.

उतावळ्या, धडपड्या मुलांना खोका, टाके, भाजणं जास्त. पण त्यांच्यावर आपली नजर आपोआप असते. आहार शिजतो तिथल्या दाराला कडी मात्र लाव.

मला काळजी वाटते ती गप्प मुलांची. माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी होती. कोपऱ्यात पाय आवळून बसायची, फ्रॉकचं टोक मुठीत. मला वाटायचं, किती गुणी पोर! ती लघवी दाबून धरायची गं, सांगायला लाजायची. ताप आला, तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. काही मुलं शी दाबतात. मग शी खड्यासारखी घट्ट होते, दुखतं, त्या भीतीने पुन्हा दाबतात. तेव्हापासून मी ठरावीक वेळेला सगळ्यांनाच नेते, कोणाला विचारत बसत नाही.

आणि खेळणारं मूल मलूल झालं, तर ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नकोस. खालची पापणी ओढून आतून फिकी दिसते का बघ, म्हणजे रक्त कमी आहे का कळतं. दंडाला टेप लावून घेर मोज. ११.५ सेंमीच्या खाली भरला तर ते तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठव. असं मूल बरं होताना हट्ट करू लागतं, तेव्हा मला फार बरं वाटतं.

किरकिऱ्या बाळाच्या आईशीही बोल. प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. गप्प करायला सारखं बिस्कीट दिलं की दात किडतात, जेवण मागे पडतं. तिला दोष देऊ नकोस, ती थकलेली असते.