म्युझियममधल्या आर्टिस्ट रेसिडेन्सीचा, म्हणजे तिथे काही काळ जागा मिळून काम करण्याच्या संधीचा, नवख्या चित्रकाराला उपयोग होतो का? आणि गोव्यातल्या मुलीने गोव्यातच अर्ज करावा का?

तुम्ही लिहिलंय की कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलात, घर फोंड्याला आहे, आणि गोव्यातल्या रेसिडेन्सी बाहेरून येणाऱ्यांसाठीच असतात असं सगळे सांगतात. माझं उत्तर: अर्ज करा. आणि गोव्याच्या आहात हे अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या.

रेसिडेन्सी म्हणजे शेवटी प्रदर्शन, एवढाच अर्थ बरेच जण घेतात. प्रदर्शन झालं तर उत्तमच. पण संग्रहालय खरं देतं ते जागा, वेळ आणि माणसं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं स्टुडिओ म्युझियम १९६८ साली सुरू झालं. प्रदर्शनाची दालनं आणि चित्रकारांच्या कामाच्या खोल्या एकाच छताखाली, ही त्यांची रीत. केरी जेम्स मार्शल, केहिंदे वायली हे नामवंत अमेरिकी चित्रकार तिथे राबून गेले. आपल्या गोव्यात राहणारा परफॉर्मन्स कलाकार निखिल चोप्रा २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नऊ दिवस मुक्कामाला होता. दालनादालनांतून फिरत, वेश बदलत, लोकांसमोर चित्र काढत. इकडे गोव्याचे चित्रकार डॉ. सुबोध केरकर यांनी म्युझियम ऑफ गोवा २०१५ साली उभं केलं तेही पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत. अशा जागी तुमचं काम बघणारा प्रत्येक जण कलेच्या वर्तुळातला नसतो, आणि मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

माझा अनुभव सांगते. एका रेसिडेन्सीत मी कावीकाम करत होते. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असतं ते: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा, घोटायचा, आणि ओला असतानाच टोकदार सळीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. पुस्तकांत कृती मिळते, पण खरवडायला नेमकं कधी घ्यायचं ते मिळत नाही. तिथले वॉचमन पेडण्याचे होते, त्यांचे मामा गवंडी. दोन दिवस लांबून बघत राहिले, मग जवळ येऊन म्हणाले, "बाय, अंगठा टेकवून बघ. रंग अंगठ्याला लागला तर थांब. नुसता गार लागला की सळी घे." त्या एका वाक्यामुळे माझी रेष सुधारली. बंद स्टुडिओत हे मला कोणी सांगितलं नसतं.

म्हणून अर्जात "निसर्गचित्रांची मालिका करणार" असं लिहू नका. त्या जागेशिवाय सुटणार नाही असा प्रश्न लिहा. डिचोलीकडच्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याचा रंग पावसाआधी आणि पावसानंतर कसा असतो, आणि त्याच मातीतून रंग करता येईल का, हा प्रश्न आहे. तो बाहेरून महिनाभर आलेल्या माणसापेक्षा तुम्हाला नीट विचारता येईल; कोणत्या वाटेने जायचं, कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे तुम्हाला ठाऊक आहे.

पैशाचं मात्र आधी विचारा, संकोच नको. काही ठिकाणी राहणं, प्रवास, साहित्य आणि मानधन मिळतं. काही ठिकाणी उलट कलाकाराकडूनच शुल्क घेतात. नवख्या माणसाने शुल्क भरून जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तयार झालेलं काम कोणाकडे राहणार, हेही लेखी घ्या.

मुदत जून ते सप्टेंबरची असेल तर खोली बघून या. पावसात तैलरंग वाळता वाळत नाहीत आणि कागदाला बुरशी धरते. मातीचं, चुन्याचं काम असेल तर तो गारवा उलट कामी येतो. थर लवकर सुकत नाही, खरवडायला जास्त वेळ मिळतो. पोर्टफोलिओत कॉलेजची सगळी कामं घालू नका, या प्रश्नाच्या जवळ जाणारी तेवढीच ठेवा, मग ती चारच निघाली तरी चालतील.