राजा की बादशहा, आणि 'गुलाम' दरबारात कसा?

विचारणा अशी आहे. 'रेजिसाइड' या खेळाचे नियम घरातल्या मुलांसाठी मराठीत लिहून काढताना एका वाचकाला तीन ठिकाणी अडल्यासारखे झाले. 'किंग'ला राजा म्हणावे की बादशहा, 'जॅक'ला गुलाम म्हटले तर दरबारातला मातब्बर शत्रू म्हणून तो शोभेल का, आणि हुकूम, हात, मारणे हे आपल्या पत्त्यांतले नेहमीचे शब्द या नियमांत चालतील का, असे त्यांचे प्रश्न आहेत. त्यांनी स्वतः 'जॅक'साठी 'सरदार' हा शब्द सुचवला आहे.

उत्तराआधी खेळाची थोडक्यात ओळख करून द्यावी लागेल, कारण कोणता शब्द चालेल हे खेळाच्या घडणीवरच ठरते. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेला हा खेळ साध्या ५२ पानांच्या कॅटने खेळता येतो. खेळणारे सगळे एकमेकांचे भिडू असतात आणि प्रतिपक्ष असतो तो चित्रांच्या बारा पानांचा. ही बारा पाने एका गठ्ठ्यात अशी रचतात की वर चार गुलाम, मध्ये चार राण्या आणि तळाशी चार राजे येतात. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची चाळीस पाने हे खेळणाऱ्यांचे सैन्य. गुलामाचे बळ २०, राणीचे ३० आणि राजाचे ४०; त्यांचा वार अनुक्रमे १०, १५ आणि २०. म्हणजे डाव जिंकायचा तर एकूण ३६० बळ खाली आणावे लागते, आणि तेही प्रत्येक वार हातातली पाने खर्ची घालून झेलत झेलत.

आता राजा आणि बादशहा. मराठी घरांत दोन्ही शब्द ऐकू येतात आणि दोन्हींपैकी कोणताही चुकीचा नाही. हिंदीत बादशाह, बेगम, गुलाम अशी तिन्ही नावे एकाच दरबारातली आहेत. मराठीत मात्र राणी ही राणीच राहिली, तिची बेगम झाली नाही, आणि म्हणून 'बादशहा-राणी' ही जोडी कानाला किंचित विजोड लागते. राजाच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या धाटणीच्या पत्त्यांत, १२० गोल पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि त्या बारांपैकी दोन चित्रांची पाने म्हणजे राजा आणि प्रधान. युरोपीय धाटणीचे पत्ते घरोघर पोचण्यापूर्वीपासून पानाला 'राजा' म्हणण्याची सवय आपल्याकडे होती, असा याचा अर्थ होतो. गंजिफ्यात राणी मुळीच नाही. ती ५२ पानांच्या कॅटबरोबरच आली. तेव्हा लिखित नियमांसाठी माझा कौल राजाला आहे. ज्यांच्या घरी बादशहा रुळला आहे त्यांनी तो खुशाल ठेवावा, फक्त एकाच कागदावर दोन्ही शब्द आलटून पालटून येऊ नयेत, कारण नवख्या वाचकाला ती दोन वेगळी पाने वाटतात.

गुलामाचा प्रश्न अधिक रंजक आहे. 'गुलाम' हा अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ 'मुलगा, पोरगा, तरुण' असा आहे. पोरगा म्हणजे हाताखालचा पोऱ्या, मग चाकर, आणि मग विकत घेतलेला दास, अशी त्याची अर्थाने उतरंड झाली. इंग्रजीतही 'जॅक' हे या पानाचे जुने नाव नव्हे; जुने नाव 'नेव्ह'. तोही शब्द मुळात 'मुलगा' या अर्थाचा. जर्मन भाषेत 'क्नाबे' म्हणजे मुलगा, तो याचाच भाऊबंद. इंग्रजीत 'नेव्ह'ची घसरण मुलगा, चाकर आणि शेवटी लबाड माणूस अशी झाली. जर्मन पत्त्यांत या पानाला आजही 'बूबे' म्हणजे पोरगाच म्हणतात, आणि फ्रेंच त्याला 'व्हाले' म्हणजे हुजऱ्या म्हणतात. इंग्रजांनी 'नेव्ह' सोडून 'जॅक' धरला त्याचे कारण अगदीच व्यावहारिक होते: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानांच्या कोपऱ्यांत अक्षरे छापू लागले तेव्हा 'किंग' आणि 'नेव्ह' या दोन्ही शब्दांचे इंग्रजी लेखन एकाच अक्षराने सुरू होत असल्यामुळे पंखा करून धरलेल्या पानांत गोंधळ होऊ लागला. तोवर 'जॅक' हा शब्द प्रतिष्ठित मंडळींना जरा गावंढळ वाटत असे.

म्हणजे गुलाम हे 'जॅक'चे चुकलेले भाषांतर नव्हे. त्या पानाचे जे जुने नाव, त्याच्याच अर्थाचा आणि त्याच वाटेने घरंगळत आलेला तो शब्द आहे.

दरबारात गुलाम कसा, ही शंकाही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. लहानपणी आणून शस्त्रविद्येत तयार केलेले गुलाम पुढे सेनापती आणि सुलतान झाले. १२०६मध्ये दिल्लीच्या तख्तावर आलेला कुतुबुद्दीन ऐबक हा घोरीचा गुलामच होता, आणि त्या घराण्याला आपली पाठ्यपुस्तके आजही गुलाम घराणे म्हणतात. इजिप्तच्या ज्या मामलुक राजवटीतले जुने पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहेत, ती राजवटही अशाच गुलाम-सैनिकांची होती. गंमत अशी की त्या पत्त्यांवर मात्र राजाच्या खालच्या दोन पानांना नायब आणि दुसरा नायब अशी अधिकाराचीच नावे आहेत. मोगली गंजिफ्यात 'गुलाम' हे एका पानाचे नाव नसून आठ संचांपैकी एका आख्ख्या संचाचे नाव होते, आणि त्या संचाला स्वतःचा राजाही होता. तेव्हा दहाचा वार करणारा, वीसच्या बळाचा गुलाम दरवाज्यावरच आडवा येतो, यात वावगे काही नाही. 'सरदार' हा शब्द सुंदर असला तरी 'किलवरचा सरदार' म्हटल्यावर समोरचा माणूस हातातल्या पानांत ते पान शोधत बसेल.

संचांची नावे मराठीत पक्की आहेत: इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. अडचण आहे ती या चारांना मिळून काय म्हणावे याची. बोलताना आपल्याला त्या शब्दाची गरजच पडत नाही. 'माझ्याकडे बदाम नाही', 'उतारी किलवरची आहे' एवढ्यावर काम भागते. नियमांत मात्र 'प्रत्येक संचाला वेगळे सामर्थ्य आहे' असे वाक्य टाळता येत नाही. काही जण 'रंग' म्हणतात, पण रंग दोनच असल्यामुळे मुले हमखास फसतात. 'चिन्ह' हा शब्द मला सर्वांत निर्धोक वाटतो. पानावर बोट ठेवून दाखवता येतो. या खेळातली सामर्थ्येही चिन्हांशी छान जुळतात: बदाम टाकून दिलेली पाने परत सैन्यात आणतो, चौकट नवी पाने उचलू देते, किलवर आपला वार दुप्पट करतो आणि इस्पिक शत्रूचा वार बोथट करतो.

हिंदीच्या शेजाराने वाढलेल्या मराठी भाषकांसाठी इथे दोन खड्डे आहेत. हिंदीत 'हुकुम' हे इस्पिकचे नाव आहे आणि 'पान' हे बदामचे. मराठीत पान म्हणजे कोणताही पत्ता, आणि हुकूम म्हणजे त्या डावापुरते वरचढ ठरवलेले चिन्ह. मेंढीकोटमध्ये बंद हुकूम असो की पाच-तीन-दोनमध्ये पाचवाल्याने पहिली पाने पाहून बोललेला हुकूम असो, तो दर डावाला बदलतो. 'रेजिसाइड'मध्ये असे वरचढ चिन्ह नाहीच. म्हणून नियमांत हुकूम हा शब्द कुठेही येऊ देऊ नये, 'शत्रूचा हुकूम' अशा अलंकारिक अर्थानेही नको. मेंढीकोट खेळलेला वाचक तो शब्द दिसताच हुकूम कोणता ते विचारणार. 'हात' या शब्दाबद्दलही तेच. आपण सात हात झाले म्हणतो तेव्हा जिंकलेल्या फेऱ्या मोजत असतो. या खेळात जिंकायचे हात नाहीत, तेव्हा 'हातात सात पाने ठेवता येतात' एवढाच वापर ठेवावा. दोघे असतील तर प्रत्येकी सात, तिघे असतील तर सहा, चौघे असतील तर पाच.

एक्क्याबद्दल एक स्वतंत्र ओळ नियमांत घालावीच. 'हुकमी एक्का' भाषेत इतका मुरलेला आहे की एक्का हे सर्वांत भारी पान, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इथे एक्क्याची किंमत फक्त १ आहे. त्याची मौज निराळी: तो दुसऱ्या कोणत्याही पानाला जोडून खेळता येतो आणि मग दोन्ही चिन्हांची सामर्थ्ये लागू होतात. फक्त जोकरला तो जोडता येत नाही. मूळ नियमांत त्याला सोबतीचा प्राणी मानले आहे. मराठीत 'जोडीदार एक्का' म्हटले की पुरे.

सर्वांत जास्त विचार करावा लागेल तो 'मारणे' या क्रियापदाचा. आपल्या पत्त्यांत राणीने गुलाम मारला म्हणजे वरच्या पानाने खालचे पान घेतले. इथे शत्रू कसा पडतो ते एका उदाहरणाने पाहू. समोर इस्पिकचा गुलाम उघडा आहे. पहिल्या भिडूने किलवरची छक्की खेळली. किलवरमुळे सहाचे बारा झाले, गुलामाचे आठ बळ उरले. आता गुलामाचा दहाचा वार झेलायचा म्हणून त्याच भिडूने बदामची सत्ती आणि चौकटची तिर्री टाकून दिली. दुसऱ्या भिडूने चौकटची अठ्ठी खेळली. चौकटमुळे भिडूंनी क्रमाने मिळून आठ पाने उचलली, अर्थात ज्याच्या हातात जागा होती त्यानेच, आणि गुलामाचे उरलेले आठही बळ नेमके संपले. ते नेमके संपले म्हणून गुलाम टाकाऊ पानांत न जाता सैन्याच्या गठ्ठ्यावर पालथा जाऊन बसतो आणि पुढे कोणाच्या तरी हाती दहाच्या किमतीचे पान म्हणून येतो. अठ्ठीऐवजी नव्वी खेळली असती तर गुलाम पडला असता, पण टाकाऊ पानांत गेला असता.

हा फरक एका 'मारणे'त मावत नाही, आणि त्यासाठी मराठीत आयता शब्द आहे: पाडाव. बखरींच्या आणि जुन्या पत्रांच्या भाषेत पाडाव होणे म्हणजे शत्रूच्या हाती जिवंत सापडणे. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारदी पाडाव झाला म्हणतात ते याच अर्थाने. बळ नेमके शून्यावर आले तर शत्रू पाडाव झाला, बळापेक्षा जास्त वार बसला तर ठार झाला, असे दोन शब्द ठेवले की नियमाचे अर्धे स्पष्टीकरण शब्दच करून टाकतात. खेळाच्या कथेनुसारही हे राजे मुळात वाईट नाहीत, एका दुष्ट प्रभावाने ग्रासलेले आहेत, त्यामुळे त्यांना जिवंत परत मिळवणे हेच कथेला धरून आहे. खेळाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'राजहत्या' होतो खरा; पण तो शब्द शीर्षकापुरता ठेवावा, किंवा मुलांसाठी 'रेजिसाइड' हेच नाव तसेच राहू द्यावे.

'टाकणे' हे दुसरे निसरडे क्रियापद. 'मी अठ्ठी टाकली' म्हणजे खेळली की फेकली, हे बोलताना समोर दिसते, कागदावर दिसत नाही. शत्रूवर चालवलेल्या पानासाठी सर्वत्र 'खेळणे' आणि वार झेलताना गेलेल्या पानासाठी 'टाकून देणे' असे ठरवून घ्यावे. 'वार झेलणे' हा प्रयोग मात्र अवश्य वापरावा. 'नुकसान सहन करणे' असे काही लिहिले तर ते विमा कंपनीच्या पत्रासारखे वाचले जाते.

प्रत्येक शत्रूवर त्याच्याच चिन्हाचे सामर्थ्य चालत नाही, या नियमासाठी वाचकांनी 'प्रतिकारशक्ती' असा शब्द योजला आहे. त्याऐवजी 'बदामच्या राणीला बदामचे सामर्थ्य लागू पडत नाही. पानाची किंमत मात्र तिच्या बळातून वजा होते' असे सरळ लिहावे. औषध लागू पडत नाही म्हणतो तसेच. इथे 'बदामच्या' की 'बदामाच्या', अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे. फळाबद्दल बोलताना बदामाचे तेल असे सामान्यरूप होते; पत्त्यात मात्र बदाम हे नावासारखे वापरले जाते आणि बदामची राणी, चौकटचा राजा, इस्पिकचा एक्का अशी रूपे सहज येतात. 'चौकटीचा राजा' म्हणणारेही भेटतात आणि ते चूक नाही, पण मग चारही चिन्हांना तोच न्याय लावावा. आकड्यांची पाने दुर्रीपासून दश्शीपर्यंत सारी स्त्रीलिंगी आहेत, एक्का तेवढा पुल्लिंगी.

राहिला जोकर. त्याला विदूषक करू नये; कॅटमध्ये जोकरच असतो. तिघांच्या डावात एक आणि चौघांच्या डावात दोन जोकर सैन्यात मिसळतात. रमीत जोकर कोणत्याही पानाची जागा घेतो, इथे तो ते करत नाही, हे आधीच सांगावे. त्याची किंमत शून्य आहे. तो खेळला की समोरच्या शत्रूवर त्याच्याच चिन्हाचे सामर्थ्यही लागू पडू लागते, त्या खेपेस वार झेलावा लागत नाही, आणि पुढे कोणी खेळायचे ते जोकर खेळणारा ठरवतो. हे ठरवताना भिडूंनी आपापल्या हातातल्या पानांबद्दल बोलायचे नाही, असा मूळ नियम आहे. त्यासाठी 'भिडूंनी खाणाखुणा करू नयेत' हे वाक्य प्रत्येक मराठी घरात आधीपासून तयार आहे.