बारावी कला झालेल्या मुलीला बाळंतपण आणि नवजात बाळांच्या विभागात नर्स व्हायचं असेल, तर कोणता कोर्स करावा? पगार किती मिळतो?

जीएनएम कर, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. पगाराचं लांबलचक आहे, ते खाली सांगते.

तू लिहिलंयस की मामी म्हणते एएनएम, म्हणजे सहायक नर्स-मिडवाइफचा कोर्स कर, दोन वर्षांत मोकळी होशील. कॉलेजवाले बीएस्सीच्या मागे लागलेत. आणि तुला काचेच्या पेटीतल्या बाळांपाशी काम करायचंय. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. मी २००१ साली जीएनएम झाले. पहिली काही वर्षं खाजगी दवाखान्यात काढली, मग कंत्राटी, मग परीक्षा देऊन कायम. लेबर रूम आणि बाळांचा कक्ष यांतच बहुतेक नोकरी गेली. मी मराठवाड्यातली, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलचं मला ऐकूनच माहीत आहे.

बीएस्सीचा प्रश्न तर मिटलाच. तिला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी असते. कलावालीला घेतो असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठून ये. जीएनएमला कुठलीही शाखा चालते, कोर्स तीन वर्षांचा. पुढे वाटलं तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यानंतर एमएस्सी. एमएस्सीत प्रसूती व स्त्रीरोग नर्सिंग हा वेगळा विषयच आहे. म्हणजे दार बंद होत नाही, जरा वळसा पडतो. एएनएमला मी वाईट म्हणणार नाही. गावोगावच्या उपकेंद्रांचा गाडा त्याच ओढतात. पण एएनएमची भरती होते आरोग्यसेविका म्हणून. तिचं काम गावात: लसीकरण, गरोदर बायांची नोंदणी, घरभेटी. तुला हवा असलेला बाळांचा कक्ष म्हणजे एसएनसीयू, तो असतो जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजात, आणि तिथे स्टाफ नर्स घेतात. मामीचा सल्ला ऐकलास तर नोकरी लागेलही, पण पेटीपाशी नाही.

आता पगार. लोक विचारतात 'नर्सला किती मिळतात?' आणि मला कळत नाही काय सांगू, कारण या कामाचा पगार कामावर ठरत नाही, तू कुणाच्या मस्टरवर आहेस त्यावर ठरतो. एका रात्रीचं सांगते.

मी कंत्राटी होते तेव्हाची गोष्ट. उपजिल्हा रुग्णालय, पावसाळा, अडीच-तीनचा सुमार. दुसऱ्या खेपेची बाई, १०२ च्या गाडीतून आली ती पूर्ण दिवस भरलेली, कळा जोरात. पाणमोट फुटली तर पाणी हिरवं, बाळाने पोटातच शी केलेली. पाचव्या मिनिटाला बाळ हातात आलं आणि रडेना. पुसलं, पाठ चोळली, तळव्याला टिचकी मारली, काही नाही. नाळ कापून वॉर्मरवर घेतलं, मान सरळ केली, तोंडावर मास्क दाबून बॅग सुरू केली. ट्रेनिंगमध्ये ताल शिकवतात, 'दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन', तो मी मोठ्याने म्हणत होते, कारण हात थरथरत असले की ताल चुकतो. पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायचा असतो, त्याला सोनेरी मिनिट म्हणतात. तिकडे कायम असलेल्या सिस्टर आईची वार बघत होत्या, ऑक्सिटोसिन देऊन ब्लीडिंगवर लक्ष ठेवून होत्या. मावशी बॅटरी धरून उभ्या, कारण लाईटचा लपंडाव चालू. आणि बाहेर बाकावर आशाताई, ओल्या साडीत. तीच त्या बाईला घेऊन आली होती. बाळ दीडएक मिनिटाने कण्हलं, मग रडलं.

त्या एका बाळाभोवती आम्ही चार बायका. आजच्या दराने चौघींचा हिशोब मांडते.

कायम सिस्टर, म्हणजे अधिपरिचारिका: राज्य सरकारच्या सातव्या वेतन आयोगात एस-१३ ही श्रेणी, ३५,४०० ते १,१२,४००. हा मूळ पगार. महागाई भत्ता आता मुळाच्या निम्म्याच्या वर गेलाय, वर घरभाडं. नवी लागलेली मुलगीसुद्धा कपातीआधी ५५ हजारांच्या पुढे असते. कंत्राटी, म्हणजे मी: राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या आपल्याकडच्या जाहिरातींत स्टाफ नर्सला २०,००० आणि एएनएमला १८,००० असे आकडे दिसतात. काम तेच, नाइट तीच, चुकलं तर बोलणीही तीच. मावशी एजन्सीकडून, आमच्या भागात दहा-बारा हजार हातात पडले तर खूप. आणि आशाताई: गरोदरपणातल्या तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण मिळून ग्रामीण भागात ६०० रुपये, तेही बाई दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. पुढे ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन बाळाचं वजन, तापमान, नाळ बघायची, त्याचे २५०. सहा भेटींचे. राज्य सरकार वर मानधन देतं, ते संप करकरून वाढवून घेतलंय त्यांनी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला तेव्हा आमच्या आशाताई म्हणाल्या, 'सिस्टर, सन्मानाचा रिक्षा भाड्याला उपयोग होईल का?'

म्हणून म्हणते, कोर्स निवडताना मस्टरचा विचार आधी कर. जीएनएम झालीस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली, की त्याच दिवसापासून सरकारी भरतीच्या अभ्यासाला लाग. 'आधी दोन-तीन वर्षं अनुभव घेते, मग बघू' म्हणणाऱ्या माझ्या बॅचच्या निम्म्या पोरी वयाच्या अटीत बसेनाशा झाल्या. कंत्राटीवर अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरीत किती वर्षं जातात ते कळतही नाही. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घ्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, आणि तो अंमलात आणा म्हणून २०२५ मध्ये पुन्हा संपावर बसावं लागलं. यावरून काय ते समज. एम्सची नर्सभरतीची नॉरसेट परीक्षाही लक्षात ठेव, नागपूरला एम्स आहेच. तिथला मूळ पगार ४४,९०० पासून. जीएनएमवालीला त्यासाठी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिली नोकरी पाच खाटांच्या प्रसूतिगृहात धरू नकोस, तो अनुभव तिथे मोजत नाहीत.

खाजगीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सुरुवात बहुतेकींची तिथूनच होते. माझा पहिला पगार १,८०० रुपये, तालुक्याच्या गावातलं प्रसूतिगृह, नाव घेत नाही. रुजू होताना डॉक्टरांच्या मिसेसनी माझी मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवली, 'सांभाळून राहतील' म्हणाल्या. सोडायचं म्हटलं तर ती मिळेनात. शेवटी वडील गावच्या सरपंचांना घेऊन गेले तेव्हा कपाटाची चावी सापडली. तेव्हा हे गाठीला बांध: झेरॉक्स दे, मूळ दाखव, हातातून सोडू नकोस. आज त्याच गावात जीएनएम पोरींना दहा ते पंधरा हजार देतात. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्राने नेमलेल्या समितीने काय म्हटलंय ऐक: ५० खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयातही नर्सला २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा. शिफारस आहे, कागदावर आहे. मुलाखतीत तू हे बोललीस तर चहा मिळेल, नोकरी मिळणार नाही. पण माहीत असू दे.

पैशापेक्षा मला खाजगीत दुसरी गोष्ट खटकली, आणि ती कुणी सांगत नाही. तिथे बाळंतपण डॉक्टर करतात. सिस्टर ट्रे लावते, सलाईन लावते, नातेवाइकांना थोपवते. त्यात सिझरचं प्रमाणही जास्त. तीन वर्षं लेबर रूममध्ये राहून माझ्या हाताने पुरती अशी एकही डिलिव्हरी झाली नव्हती. सरकारीत आले आणि पहिल्याच महिन्यात वीसेक केल्या, कारण नॉर्मल बाळंतपण तिथे सिस्टरच करते, डॉक्टर अडलं तर येतात. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरता येणं, फिट येणाऱ्या बाळंतिणीला मॅग्नेशियम देताना गुडघ्याचा झटका आणि लघवी तपासत राहणं, हे सगळं मी तिथे शिकले. म्हणून मुलाखतीला गेलीस की पगाराबरोबर हेही विचार: महिन्याला डिलिव्हरी किती होतात, आणि त्यातल्या सिस्टर किती करतात?

एसएनसीयूचं तुझं स्वप्न चांगलं आहे. पण काचेच्या पेटीचं जे चित्र डोळ्यांसमोर आहे ते थोडं बदल. दीड किलोचं बाळ, त्याची नस सापडत नाही, दर दोन-तीन तासांनी नळीने मोजून दूध, हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली. आणि बाहेर आजी विचारतेय, 'बाळ जगंल का?' तिथली सर्वांत मोठी मशीन म्हणशील तर आईची छाती. कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, आई बसली की बाळाचं तापमान असं सावरतं की पेटी लाजेल. मुलगे असतील हे वाचणारे, तर त्यांनाही सांगते, या कक्षात ब्रदर लोक छान काम करतात. लेबर रूममध्ये त्यांना सहसा लावत नाहीत.

अजून दोन वाटा आहेत. एक एनपीएम, म्हणजे मिडवाइफरीतली नर्स प्रॅक्टिशनर. केंद्राने २०१८ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ट्रेनिंग १८ महिन्यांचं, आधी लेबर रूमचा अनुभव लागतो. नॉर्मल बाळंतपण पूर्णपणे सिस्टरच्या हाती, बाईला हवं त्या स्थितीत, उगाच सलाईन-कात्री नाही, अशी कल्पना आहे. माझी एक मैत्रीण करून आली, डोळे चमकत होते तिचे. पगार मात्र तोच राहिला, आणि परतल्यावर सहा महिने मेल मेडिकल वॉर्डात ड्यूटी लागली. आमच्याकडे वॉर्डबदल असतोच, प्रावीण्य बघून कुणी मस्टर लावत नाही. दुसरी वाट स्तनपान सल्लागाराची. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी, म्हणजे दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. आता मोठ्या शहरांत दूधपेढ्या, स्तनपानाचे खाजगी सल्ले, ऑनलाइन क्लास सगळं आहे. त्याची आंतरराष्ट्रीय परीक्षाही असते. पण हे शहरातलं, आणि हातात अनुभव आल्यानंतरचं. परदेशाचं विचारशील तर एकच सांगते: आपल्या नोंदणीत नर्स आणि मिडवाइफ एकत्र असतं, इंग्लंडात त्या दोन वेगळ्या नोंदण्या आहेत. इथल्या बहुतेक मुली तिथे नर्स म्हणून लागतात, बाळंतपणं करायला मिळत नाहीत.

बढतीची आशा फार धरू नकोस. अधिपरिचारिका, परिसेविका, मग सहायक अधिसेविका, अधिसेविका, अशी शिडी आहे, पण एकेका पायरीवर पंधरा-पंधरा वर्षं उभं राहावं लागतं. दहा, वीस, तीस वर्षांनी पगाराचा टप्पा वाढतो, तेवढाच आधार.

घरी किती सांगू, विचारलंयस. सांग की पहिली एक-दोन वर्षं दहा-पंधरा हजार, होस्टेल आणि डबा जाऊन फारसं उरणार नाही. सरकारी लागलं तर घरचे तुझ्याकडे उसने मागतील. मधलं काही फारसं नाही.

आणि रक्त बघून चक्कर येते का, हे शेवटी लाजत लाजत लिहिलंयस. मला आली होती. शिकत असताना पहिलं बाळंतपण बघायला उभी होते, वार पडली आणि मी भिंतीला घासत खाली बसले. मावशींनी साखरेचं पाणी पाजलं आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, 'नवी आहे.' दुसऱ्या दिवशी ट्रे मी लावला.