मैत्रिणीचं कर्ज, आपलं घर

प्रश्न : ताई, मी उदगीरला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी अकरावीपासूनची मैत्रीण अहमदपूरला राहते. दाजी एसटीच्या आगारात मेकॅनिक आहेत, हातात 48,000 पगार येतो. ती शिवणकामातून पाच-सहा हजार मिळवते. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन, लेकीचे लातूरचे नीटचे क्लास, त्यात दोन वर्षं वावरातलं सोयाबीन पाण्यात गेलं, आणि कर्ज वाढत गेलं. घराचं कर्ज 9 लाख बाकी आहे, एका गृहवित्त कंपनीचं, साडेबारा टक्क्यांनी, अजून 12 वर्षं, हप्ता 12,100. पतसंस्थेचं 2 लाख 40 हजार, 16 टक्के, तीन वर्षं, हप्ता 8,440. एका माणसाकडून शेकडा तीन टक्के महिन्यानं घेतलेले दीड लाख. क्रेडिट कार्डाचे 90,000. मायक्रोफायनान्सचे 3,200 चे 14 हप्ते. शिवाय बँकेत सोनं तारण ठेवून 9 टक्क्यांनी घेतलेले 1 लाख 80 हजार. घराची किंमत 24 लाख होईल. घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेऊन वाढीव रकमेत हे सगळं फेडावं का? की माझ्याच घरावर 5 लाख काढून तिला देऊ? माझं कर्ज थोडंच राहिलंय. पतसंस्थेला मी जामीन आहे. मिस्टरांना अजून काही सांगितलेलं नाही.

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुमच्या घरावर कर्ज काढू नका. ते काढलंत तर बँकेच्या दृष्टीनं कर्जदार तुम्ही, मैत्रीण त्यात कुठेच नाही. तिचा एक हप्ता चुकला की तुमच्या पगारातून जाणार, आणि दोन-तीन महिन्यांत तुम्ही तिला फोन करायला कचराल. पैशापायी बोलणं बंद झालेल्या मैत्रिणी मी बँकेत, परभणीच्या शाखेत कर्ज विभागात असताना पाहिल्या आहेत. आणि मिस्टरांना आजच सांगा. घर दोघांच्या नावावर असो-नसो, जामिनाची गोष्ट तरी त्यांना तुमच्याकडूनच कळू दे.

आता तिचं घर. कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला हरकत नाही, पण त्यात सगळं कोंबू नका. सगळे हप्ते मिटून एकच उरेल या ओढीनं लोक सही करतात. पतसंस्थेचंच बघा. आज 16 टक्क्यांनी तीन वर्षांत ती साधारण 64,000 व्याज भरेल. तेच 2 लाख 40 हजार 10 टक्क्यांनी 12 वर्षांवर टाकले, तर व्याज 1 लाख 73 हजार होतं. दर कमी झाला आणि व्याज पावणेतीन पट झालं. शिवाय पतसंस्थेला आज तुमचा जामीन आहे, घर नाही. नव्या बँकेत गेल्यावर तेच कर्ज घरावर चढतं. वावर या बाबतीत सुरक्षित आहे, कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. राहतं घर वगळलेलं नाही. खातं बुडीत ठरलं की 60 दिवसांची नोटीस येते.

इथे एक अवघड गोष्ट बोलते. पतसंस्थेचं कर्ज मिटावं असं तुम्हाला वाटणारच, कारण तुम्ही जामीन आहात. 1872 च्या करार कायद्याच्या 128 व्या कलमानं, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था आधी तिच्याकडे न जाता थेट तुमच्याकडे येऊ शकते. त्यामुळे सल्ला देताना तुमचा जीवही त्यात अडकलेला आहे. हे मैत्रिणीला तोंडावर सांगा, मग बोला.

माझ्या हिशेबानं घराच्या कर्जात फक्त दोन गोष्टी घ्याव्यात, कार्ड आणि सावकार. म्हणजे 11 लाख 40 हजार. 10 टक्के दर धरला तर 12 वर्षांसाठी हप्ता 13,600 च्या आसपास. त्यात पतसंस्था आणि मायक्रोफायनान्स धरून महिन्याला 25,250. आज ती 12,100, 8,440, सावकाराचं नुसतं व्याज 4,500, कार्डाला चार-साडेचार हजार आणि 3,200, असे जवळजवळ 32,700 भरते. साडेसात हजार सुटतात. 14 महिन्यांनी मायक्रोफायनान्सचे 3,200 सुटतील, तीन वर्षांनी पतसंस्थेचे 8,440. सोनं तर मुळीच हलवू नका, 9 टक्क्यांचं कर्ज 10 टक्क्यांत कशाला घालायचं?

बँक बहुधा पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते धरते, हे थोडं वर जातंय. म्हणून मैत्रिणीला सहकर्जदार करा, आणि शिवणकामाचे पैसे आत्तापासून तिच्या बँक खात्यात जमा होऊ द्या. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर आहे, की एनए म्हणजे बिगरशेती लेआउटमध्ये, हेही आधी पाहा. नमुना 8 वरच्या घराला पुष्कळ बँका हात लावत नाहीत.

त्याआधी जुन्या कंपनीकडे दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. कंपनीनं नाकारलं तरच दुसरं दार. बदलत्या दराचं घरकर्ज असेल तर ते बंद करताना दंड लागत नाही. पण वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क आणि प्रक्रिया शुल्क हे सगळं खिशातून जातं. नव्या बँकेकडून मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. ऑक्टोबर 2024 पासून ते देणं बंधनकारक आहे, आणि खर्चासकट एकूण वार्षिक दर त्यात छापलेला असतो. जाहिरातीतल्या दरावर जाऊ नका.

सावकाराबद्दल मला जास्त काळजी वाटते. महिना तीन टक्के म्हणजे वर्षाला 36. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानं परवाना लागतो, आणि विनातारण बिगरशेती कर्जावर परवानाधारकालाही वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्या माणसाकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे विचारा. घराचं किंवा वावराचं खरेदीखत करून दिलंय का, हे मैत्रिणीला एकांतात विचारा. आपल्याकडे तारण म्हणून सर्रास करून घेतात. तसं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

पैसे मात्र रोख देऊ नका. माझ्या सख्ख्या भावानं असे दोन लाख रोख दिले. तारण म्हणून घेतलेले भावाचे कोरे चेक नंतर आणून देतो म्हणाला तो सावकार. दोन वर्षांनी त्यातला एक चेक वटवायला टाकला आणि भावावर चेक न वटल्याची, कलम 138 ची केस झाली. चार वर्षं तारखा चालल्या. मी तेव्हा बँकेत होते आणि त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं, ते मला अजून सलतं. म्हणून रक्कम बँकेतूनच जाऊ द्या, आणि त्याच बैठकीत चेक, स्टॅम्पपेपर आणि सही केलेली पावती हातात घ्या. कार्डाचे पैसेही नव्या बँकेनं थेट कार्डाच्या खात्यात भरावेत, आणि कार्ड बंद झाल्याचं पत्र घ्यावं. कार्ड उघडं राहिलं तर पुढच्या क्लासच्या फीला तेच बाहेर निघेल.

तुम्हाला मदत करायचीच आहे, ती इथे करा. एखाद्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता कमी पडला तर तो तुमच्या पगारातून, थेट पतसंस्थेत भरा, आणि पावती तिला दाखवा. वर्षातून दोनदा, त्याहून जास्त नाही, हे आधीच बोलून घ्या. जामीन म्हणून ते पैसे नाहीतरी तुमच्यावर येणारच होते.

येत्या रविवारी अहमदपूरला जा. मिस्टरांनाही घेऊन जा. दाजींना सगळ्या पावत्या, पासबुकं आणि कार्डाचं शेवटचं बिल काढून ठेवायला सांगा, आणि चौघं मिळून एका वहीत लिहा. जुनी कंपनी खातं बंद झाल्यावर घराची मूळ कागदपत्रं 30 दिवसांत द्यायला बांधील आहे, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. ती तारीखही त्याच वहीत मांडून ठेवा.