हॅवरफर्ड, ब्रिन मॉर की स्वार्थमोर? निवड करण्याआधी नकाशा बघा

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला तीन छोटी कॉलेजं आहेत: हॅवरफर्ड (1833), स्वार्थमोर (1864) आणि ब्रिन मॉर (1885). तिन्ही क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेली. पदवीचे विद्यार्थी प्रत्येकी साधारण 1,400 ते 1,700. तिघांचं मिळून नाव ‘ट्राय-को’, आणि कुठेही प्रवेश घेतला तरी बाकीच्या दोन ठिकाणी कोर्स करता येतो. माहितीपत्रकात हे वाचून पालक तिघांना एका तक्त्यात बसवतात, क्रमवारीचा आकडा बघतात आणि विषय संपवतात. तिथेच चुकतं.

हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर यांच्यात अंतर जेमतेम एक-दीड मैल. मधे ‘ब्लू बस’ दिवसभर फिरते. एका कॉलेजच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या मेसमध्ये जेवता येतं आणि तिथल्या विभागात मेजरही (पदवीचा मुख्य विषय) करता येतो. म्हणून भूगर्भशास्त्र किंवा शहरांचा अभ्यास हवा असलेला हॅवरफर्डचा मुलगा ब्रिन मॉरला जातो आणि खगोलशास्त्रासाठी ब्रिन मॉरची मुलगी हॅवरफर्डला येते. स्वार्थमोर मात्र दहा मैल लांब, वेगळ्या रेल्वेमार्गावर. व्हॅन आहे, पण जाण्यायेण्यात आणि वाट पाहण्यात अर्धी दुपार जाते. प्रयोगशाळेचा तास किंवा खेळाचा सराव असला की वेळापत्रक जुळत नाही. थोडक्यात, तुलना तीन कॉलेजांची नाही. एका बाजूला स्वार्थमोर आणि दुसऱ्या बाजूला एक जोडी. फिलाडेल्फियातल्या पेन (पेनसिल्व्हेनिया) विद्यापीठात कोर्स घेण्याचीही सोय आहे. तिथलं शैक्षणिक वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

अभ्यासक्रमात सगळ्यात ठळक फरक इंजिनिअरिंगचा. पूर्ण, मान्यताप्राप्त इंजिनिअरिंगची पदवी फक्त स्वार्थमोरला आहे, तीही एकाच शाखेची नव्हे, सर्वसाधारण इंजिनिअरिंगची. जोडीकडे पेनसोबत चार अधिक एक वर्षाची वाट आहे: चार वर्षांत कॉलेजची पदवी, मग पेनची इंजिनिअरिंगची मास्टर्स. स्वार्थमोरचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे 1922 पासून चालत आलेला ऑनर्स कार्यक्रम. शेवटच्या दोन वर्षांत छोट्या सेमिनारमधून तयारी करायची आणि अखेरीस बाहेरून आलेले परीक्षक लेखी व तोंडी परीक्षा घेतात. पीएचडीकडे जाणाऱ्या मुलाला याचा खरा उपयोग होतो. ज्याला फक्त चांगली नोकरी हवी आहे, त्याने तो घेतलाच पाहिजे असं नाही. हॅवरफर्डला मात्र शेवटच्या वर्षी प्रबंध सगळ्यांनाच.

छोट्या कॉलेजचा खरा धोका तिसऱ्या वर्षी कळतो. विभागात चार-पाच प्राध्यापक असतात, एक सॅबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) गेला की हवा तो कोर्स वर्षभर मिळत नाही. म्हणून मेजरची यादी न पाहता ट्राय-कोचं कोर्स गाइड उघडा, गेल्या दोन वर्षांच्या चार सत्रांत वरच्या पातळीचे कोणते कोर्स प्रत्यक्ष शिकवले गेले ते मोजा. कॉम्प्युटर सायन्स किंवा अर्थशास्त्र असेल तर जागांसाठी लॉटरी निघते का, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ही (ठरावीक नमुन्यात दिलेली कॉलेजची आकडेवारी) वाचा: ‘आय’ भागात वर्गांचा आकार, ‘जे’ भागात कोणत्या विषयात किती टक्के पदव्या, ‘एच’ भागात आर्थिक मदत.

वातावरणाबद्दल ऐकीव माहिती फार, पण काही गोष्टी पक्क्या आहेत. स्वार्थमोरला कामाचा बोजा मोठा, आणि कोणावर जास्त काम आहे याची फुशारकी मारण्याच्या खेळाला तिथली मुलंच ‘मिझरी पोकर’ म्हणतात. त्यावर उतारा म्हणून पहिल्या सत्रात श्रेणी नसतात, फक्त क्रेडिट मिळालं की नाही एवढंच. हॅवरफर्डचा कणा म्हणजे ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाची नियमावली. परीक्षेला पर्यवेक्षक नाही, वेळ मुलंच ठरवतात, आणि गैरप्रकाराची चौकशी विद्यार्थ्यांचीच समिती करते. घरी नेलेल्या पेपरवर मित्राशी बोलणंही तिथे गुन्हा ठरू शकतो. गुणांची चर्चा न करण्याचा तिथे रिवाज आहे, त्यामुळे ‘तुला किती पडले?’ या आपल्या लाडक्या प्रश्नाला जागा नाही. सतत तुलनेत वाढलेल्या मुलाला हे सुटका वाटेल किंवा पोकळी, त्यालाच विचारा. जाता जाता: अमेरिकेत कॉलेजचा अधिकृत क्रिकेट संघ असलेलं कॉलेज म्हणजे हॅवरफर्ड.

ब्रिन मॉर मुलींचं कॉलेज आहे हे कळल्यावर काही घरांत ‘बरं झालं, काळजी नाही’ म्हणून ते वर सरकतं. हे कारण टिकत नाही. वर्गात, मेसमध्ये, बसमध्ये हॅवरफर्डचे मुलगे असतातच. जायचं ते लँटर्न नाइट, मे डे अशा परंपरांत रमणारी, मुलींनीच सगळं चालवलेली जागा लेकीला हवी असेल म्हणून. पालकांनी ढकललेली मुलगी पहिल्याच सत्रात बदलीचा अर्ज शोधते.

पैशाचं गणित मात्र आपल्या घरांत सर्वांत जास्त बिघडतं. तिन्ही कॉलेजं आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्न-मालमत्तेचा अर्ज) मागतात आणि त्यात पुण्यातला फ्लॅट, गावची शेतजमीन, भारतातल्या ठेवी सगळं लिहावं लागतं. मालमत्ता लिहिताना तिच्यावरचं कर्ज विसरू नका. दुसरं म्हणजे व्हिसा. एच-4 वरचं (आई-वडिलांच्या एच-1बी नोकरी-व्हिसावर अवलंबून असलेलं) मूल पहिलीपासून न्यू जर्सीत शिकलेलं असलं तरी त्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि कॉलेजच्या लेखी ते अनेकदा परदेशी अर्जदार ठरतं. परदेशी अर्जदाराने मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशावर होऊ शकतो, आणि सुरुवातीला मागितली नाही तर नंतर मिळेलच असं नसतं. म्हणून अर्जाआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून मुलाची गणना कशात होईल ते लेखी घ्या. ग्रीन कार्ड लांबणीवर असेल तर एकविसाव्या वर्षी एच-4 संपतो, म्हणजे शिक्षण चालू असतानाच एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) करावा लागेल, हेही धरून चाला. मग अर्थशास्त्राचा मेजर कोणत्या सीआयपी कोडखाली (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) नोंदवला आहे हा प्रश्न महत्त्वाचा: कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर 12 महिन्यांच्या ओपीटीवर (एफ-1 वरच्यांना मिळणारी काम करण्याची परवानगी) आणखी 24 महिने मिळतात.

अर्ली डिसिजन, म्हणजे लवकरच्या फेरीतला अर्ज, बंधनकारक असतं आणि एकाच ठिकाणी देता येतं. मदतीचे देकार शेजारी ठेवून बघायचे असतील तर नेहमीच्या फेरीत अर्ज करा. 1 मेपर्यंत ठरवायला वेळ मिळतो. त्या काळात एकदा सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शाकाहारी ताटात बटाटा आणि सॅलडपलीकडे काय येतं ते संध्याकाळच्या जेवणाला स्वतः बघा, आणि ब्लू बसमधून मुलाला एकट्याला जाऊ द्या.